टर्बोखाली ऑइल दिसलं म्हणून लगेच टर्बो बदलू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: संकेश्वर भागातली दहाचाकी गाडी, सीझनला ऊस आणि एरवी गोव्याकडं माल. टर्बोच्या खाली आणि बाजूच्या ब्लॉकवर ऑइल उतरायलंय. मिस्त्रीनं टर्बोचा कोर, म्हणजे शाफ्ट-पंख्यांचा मधला भाग, बदलून दिला, थोडे दिवस बरं चाललं आणि परत तेच सुरू. आता दुसरा मिस्त्री म्हणतोय अख्खा टर्बो नवीन टाका, तिसरा म्हणतोय हाफ इंजिन करा, म्हणजे इंजिन खोलून पिस्टन-रिंगा बदला. मालक विचारतोय नेमकं कुणाचं ऐकू.

सध्या कुणाचंच ऐकू नका मालक, आधी गाडी धुऊन घ्या. मी चेष्टा करत नाही. ओल्या, चिखल झालेल्या इंजिनावर बोट दाखवून "टर्बो गेलाय" म्हणणारा मिस्त्री अंदाज मारतोय, आणि त्याच्या अंदाजाचे पैसे तुम्ही भरताय.

आधी टर्बोच्या आत काय असतंय ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. बऱ्याच मालकांना वाटतं की टर्बोत हबसारखा रबरी ऑइल सील असतो, तो फाटला की ऑइल येतं. तसं नसतंय. टर्बोत एकाच शाफ्टवर दोन पंखे असतात, एक इंजिनाच्या धुरानं फिरतो आणि दुसरा इंजिनात हवा दाबतो. शाफ्टच्या दोन्ही टोकाला पिस्टनच्या रिंगेसारख्या बारक्या लोखंडी रिंगा असतात, त्यांना तोंड, म्हणजे फट, असतंय, आणि त्या काही ऑइल पूर्ण अडवून धरत नाहीत. ऑइल आत राहतं ते दोन कारणांनी. एक म्हणजे दोन्ही पंख्यांच्या मागं हवेचा नाहीतर धुराचा दाब असतो, तो ऑइलला बाहेर यायला देत नाही. आणि दुसरं, वरून बारक्या पाइपनं तीन-चार किलो प्रेशरनं आलेलं ऑइल बुशातून, म्हणजे शाफ्टच्या बेअरिंगातून, निघालं की फेस होऊन खाली पडतं आणि जाड ड्रेन पाइपनं आपल्या वजनानं चेंबरला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ऑइलच्या टाकीला, जातं. तिथं पंप नाही, प्रेशर नाही, फक्त उतार. म्हणून तर वरचा पाइप करंगळीएवढा आणि खालचा अंगठ्यापेक्षा जाड असतोय. मोरी तुंबली की पाणी परत न्हाणीत येतं, तसं ड्रेन तुंबलं की ऑइल रिंगांवरून बाहेर येणारच, मग तुम्ही कसलाही भारी टर्बो बसवा. म्हणून कोर नवीन टाकूनसुद्धा ऑइल परत आलं तर माझा पहिला संशय टर्बोवर नसतोच, टर्बोला ऑइल बाहेर टाकायला कोण लावतंय ते मी शोधतो.

आता काम. इंजिन थंड असताना टर्बो, मॅनिफोल्डची (इंजिनाचा धूर टर्बोत आणणाऱ्या पाइपाची) बाजू, टॅपेट कव्हरची (इंजिनाच्या वरच्या झाकणाची) कड, ब्लॉकचा तो भाग, सगळं डिझेल आणि ब्रशनं साफ करा, मग पाण्यानं, मग हवा मारून कोरडं. अल्टरनेटर आणि वायरिंगचे सॉकेट प्लास्टिकनं झाका, बीएस-४, बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाडीला तर नक्कीच. डिझेलचा ओलावा मॅनिफोल्डवर राहू देऊ नका, पेट घेतंय. कोरडं झाल्यावर संशयाच्या जागेवर साधी टाल्कम पावडर फुंकायची, घरात असते ती. इंजिन गरम होईपर्यंत चालवा, मग थोडा लोड देऊन फिरवून आणा, आणि टॉर्च घेऊन बघा पावडर कुठं पिवळी-काळी झालीय. नजर खालून वर न्यायची. जिथं सगळ्यात वर ओलं आहे ती खरी जागा, बाकीचा सगळा ओघळ. आणि एक ध्यानात ठेवा, रेडिएटरच्या फॅनची हवा मागं जाते, त्यामुळं पुढं गळालेलं ऑइल मागं पसरतं. टर्बो मागं असला की बिचाऱ्यावर आळ येतो.

असं शोधताना निम्म्या वेळा ऑइल टर्बोचं नसतंच. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक होऊन वरून बारीक रेघ येते आणि सरळ टर्बोच्या हाऊजिंगवर उतरते. वरच्या ऑइल पाइपच्या बँजो बोल्टचे (पाइप आवळणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर जुनेच परत बसवलेले असतात, त्यातून प्रेशरचं ऑइल फवाऱ्यासारखं उडतं. हे इंजिन चालू असतानाच दिसतं, बंद केलं की सगळं शांत. ड्रेनच्या फ्लँजचं पॅकिंग फाटलेलं असतं. आणि जुन्या गाड्यांना ब्रीदरचा, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर सोडणारा, पाइप खाली मोकळा सोडलेला असतो, तो जर सुटून वर अडकला असेल तर त्यातली वाफ सगळ्या बाजूला ऑइलचा हात फिरवल्यासारखी लागते. वास पण घ्या. डिझेल गळत असेल तर ते पातळ आणि वासावरून कळतं, इंजेक्टरच्या रिटर्न लाइनचं कितीतरी वेळा "टर्बो लीक" म्हणून माझ्याकडं आलंय.

बाहेरचं सगळं कोरडं आणि तरी ऑइल जात असेल, किंवा टर्बोच्या जॉइंटलाच ओलं असेल, तर आता पाइप उघडायचे. यात दोन बाजू वेगळ्या करून बघायच्या, हवेची आणि धुराची, आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचं की टर्बोच्या आधी ओलं आहे की नंतर.

हवेच्या बाजूला फिल्टरकडून टर्बोत येणारी होज काढा, आत बोट फिरवा. तिथंच ऑइल असेल तर ते टर्बोनं टाकलेलं नाही, ते ब्रीदरचं आहे. ज्या इंजिनात ब्रीदर परत इनटेकला जोडलेला असतो तिथं हे होतं. टर्बोच्या पुढं, म्हणजे इंटरकूलरकडं (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडं) जाणाऱ्या पाइपात पातळसा हात लागण्याएवढा थर असेल तर घाबरू नका, तेवढा चालतो. पण इंटरकूलर खालून उघडल्यावर वाटीभर ऑइल निघालं तर मग विषय गंभीर. आणखी एक फसवणारी गोष्ट: होजच्या जॉइंटला बाहेरून ऑइल आणि धूळ मिळून काळी पेस्ट जमलेली असते. लोक म्हणतात टर्बो गळतोय. नाही हो, तिथं क्लिप ढिली आहे. प्रेशरची हवा सुटतेय आणि आतला थोडा थर सोबत येतोय. अशा गाडीला काळा धूर आणि ओढ कमी ही तक्रार जोडीला असते, विचारून बघा.

धुराच्या बाजूला नियम अजून सोपा. टर्बो मॅनिफोल्डवरून उतरवा आणि मॅनिफोल्डच्या तोंडात बघा. तिथं ओलं काळं ऑइल असेल तर ते इंजिनाकडून आलंय, रिंगा, व्हॉल्व्ह गाइड, नाहीतर इंजेक्टरचं न जळलेलं डिझेल. मॅनिफोल्ड कोरडं आणि टर्बोच्या पुढं सायलेन्सरच्या पाइपात ओलं, तर टर्बोच्या धुराच्या बाजूची रिंग सोडतेय. एवढं एक बघितलं तरी हाफ इंजिनवाला खरा की टर्बोवाला, हा तुमचा वाद मिटतो. आणि हे बघायला चार नट आणि एक पॅकिंग एवढाच खर्च.

इथं उसाच्या गाड्यांचं एक खास दुखणं सांगतो. कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत गाड्या रात्र रात्र उभ्या, आणि ड्रायव्हर इंजिन स्लोवर ठेवून झोपतो, कधी ब्रेकची एअर उतरू नये म्हणून तर कधी नंबर पुढं सरकला की सेल मारायचा कंटाळा म्हणून. स्लोवर टर्बो जेमतेम फिरतो, पंख्यामागं दाब तयार होत नाही, उलट हवेच्या बाजूला किंचित ओढ तयार होते आणि रिंगेवरून ऑइल झिरपायला लागतं. त्यात इंजिन थंड राहतं, डिझेल पूर्ण जळत नाही, त्याचा काळा चिकट रस मॅनिफोल्डच्या पॅकिंगातून बाहेर येतो. सकाळी गाडी काढली की निळा-पांढरा धूर, मालकाला फोन, "टर्बो गेला." ती गाडी भरून अर्धा तास नीट ओढली की पुष्कळदा सगळं साफ होतं. म्हणून विचारून घ्या, धूर कधी येतोय? फक्त सकाळी आणि उभं राहून निघाल्यावर, की चढाला लोडवर पण?

आता तुमच्या गाडीचा, म्हणजे कोर बदलूनही परत येणाऱ्या ऑइलचा विषय. तिथं मी तीन जागा बघतो आणि सगळ्यात आधी ड्रेन. बाहेरून बघून चालत नाही, काढायचाच. हत्तरगीकडची एक गाडी आली होती, एकापाठोपाठ कोर बदललेले, मालक वैतागलेला. ड्रेनला मधे रबरी होजचा तुकडा होता, बाहेरून नवाकोरा, क्लिपा चकचकीत. काढून उजेडाकडं धरला तर पलीकडचं दिसेना. ब्लेडनं उभा चिरला. आतला रबराचा थर फुगून सुटला होता आणि पापुद्र्यासारखा मधेच दुमडून बसला होता, भोक उरलं होतं पेन्सिल जाईल एवढं. कुणीतरी हीटरच्या पाण्याची होज कापून लावली होती. ती पाण्यासाठी असते, गरम ऑइलला तिचं रबर टिकत नाही. ऑइलची होज टाकली, तोच कोर परत बसवला, गळती बंद.

तर ड्रेनमधे हे बघा: आत कार्बनचा घट्ट थर आहे का, होज फुगलीय का, क्लिप आवळून चिमटा बसलाय का, पाइप कुठं वर चढून मग खाली उतरतोय का. ड्रेन सरळ खाली गेला पाहिजे. टर्बो बनवणारे सांगतात की उभ्या रेषेपासून ३५ अंशापेक्षा जास्त कलू नये. आणि फ्लँजच्या पॅकिंगवर सिलिकॉन पेस्ट थापलेली असेल तर बघताक्षणी खरवडून काढा. बाहेर जेवढी दिसते तेवढीच आत पण गेलेली असते, तिचा तुकडा सुटून ड्रेनच्या तोंडाशी अडकतो. वरच्या पाइपला लावली असेल तर त्याहून वाईट, कारण तो तुकडा बुशाचं ऑइलचं भोकच बंद करतो आणि नवीन टर्बो थोड्याच वेळात खलास. कागदी नाहीतर पत्र्याचं पॅकिंग कोरडं बसवायचं, बस्स.

मग ऑइलची लेव्हल. सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोडं थांबून पट्टी काढा. वरच्या खुणेच्या वर असेल तर ड्रेनचं ऑइल चेंबरला मोकळं पडत नाही. "थोडं जास्त असलं तर बरंच की" म्हणून वरून ओतणारे क्लिनर आपल्याकडं कमी नाहीत. आणि न ओतता लेव्हल वाढत असेल तर डिझेल मिसळतंय, पट्टीवरचं ऑइल बोटात चोळून वास घ्या.

तिसरं म्हणजे बॅक कॉम्प्रेशन. पिस्टन-रिंगा घासल्या की कॉम्प्रेशन खाली चेंबरमधे उतरतं, आणि ब्रीदर जाम असेल तर चांगल्या इंजिनातसुद्धा चेंबरमधे दाब साठतो. ज्या चेंबरमधे दाब आहे तिथं टर्बोचं ऑइल उतरणार कसं? आपल्याकडची पद्धत म्हणजे ऑइल भरायचं झाकण काढून उलटं ठेवायचं आणि उडतंय का बघायचं. ही पद्धत वाईट नाही पण ढोबळ आहे, बऱ्या इंजिनावर पण झाकण थोडं नाचतं, आणि तेवढ्यावर हाफ इंजिन खोलणारे आहेत. त्यापेक्षा मीटरभर पारदर्शक नळी घ्या, यू आकारात फळीवर बांधा, अर्धं पाणी भरा, एक टोक ऑइलच्या पट्टीच्या भोकात घट्ट बसवा आणि दुसरं मोकळं. इंजिन चालू करून दोन्ही बाजूच्या पाण्याच्या उंचीतला फरक फूटपट्टीनं मोजा, तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधे हद्द दिलेली असते तिच्याशी ताडून बघा. आधी ब्रीदर जोडून मोजा, मग ब्रीदर साफ करून परत मोजा. फरक पडला तर इंजिन वाचलं तुमचं.

आणि हे कुणी बघत नाही म्हणून मुद्दाम लिहितो: ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर. त्याच्या रिंगा गेल्या की त्याची हवा पण इंजिनाच्या चेंबरमधेच उतरते, कारण त्याचं ऑइल इंजिनाचंच आहे. टाकी रिकामी असताना, म्हणजे कॉम्प्रेसर भरायला लागलेला असताना पाण्याची नळी बघा, आणि टाकी भरून कट-ऑफ झाल्यावर "फस्स" आवाज आला की परत बघा. कट-ऑफनंतर दाब झटकन उतरला तर इंजिन निर्दोष, कॉम्प्रेसर काढा. एअरच्या टाकीचे ड्रेन उघडल्यावर पाण्याबरोबर काळं ऑइल येत असेल तर संशय पक्का. हाफ इंजिनच्या खर्चापुढं कॉम्प्रेसरचं किट काहीच नाही.

एअर फिल्टर राहिलाच. सीझनमधे शेतातून रस्त्यावर येईपर्यंत गाडी नुसत्या धुळीतून येते. फिल्टर जाम झाला की टर्बो हवा ओढतो पण मिळत नाही, मग पंख्यामागून ऑइल ओढलं जातं. फिल्टरच्या डब्यावर चोक इंडिकेटर असतो, लाल पट्टा दिसला की फिल्टर बदलायचा. पंक्चरवाल्याच्या हवेनं झाडून झाडून वापरू नका; एकतर कागदाला भोक पडतं, आणि त्या भोकातून गेलेली धूळ पंख्याची पाती वस्तऱ्यासारखी घासते. पात्यांच्या कडा वाकलेल्या किंवा खरवडलेल्या दिसल्या तर तो टर्बो गेलाच.

एवढं सगळं बरोबर असेल तर आता टर्बोवर संशय घ्या. इंजिन बंद आणि थंड असताना, चालू गाडीत पंख्याजवळ हात कधीच नाही, तो मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे मारतो. शाफ्ट वरखाली हलवून बघा, थोडा प्ले (ढिलेपणा) लागणारच, कारण बुश ऑइलवर तरंगणारा असतो आणि आता ऑइल उतरलेलं आहे. या प्लेला घाबरून चांगले टर्बो भंगारात गेलेत. बघायचं एवढंच की एका बाजूला दाबून फिरवला तर पंखा हाऊजिंगला घासतो का. आतबाहेरचा प्ले मात्र हाताला जवळजवळ जाणवायला नको, बऱ्याच टर्बोत तो साधारण ०.१ मिमीच्या घरातला असतो, डायल गेज लावून मोजा आणि तुमच्या मॉडेलची हद्द बघा. हाताला "टक टक" स्पष्ट लागतंय तर थ्रस्ट बेरिंग गेलंय, कोर काढा. पण मग तो का गेला ते पण विचारा, काळं जुनं ऑइल, जाम ऑइल फिल्टर, की तवंदी घाट चढून लाल झालेल्या टर्बोवर ढाब्याला लागल्या लागल्या चावी बंद. इथं ड्रायव्हर लोक गोंधळतात, "मगाशी म्हणालात स्लोवर ठेवू नका, आता म्हणताय ठेवा." बंद करायच्या आधी दोन-तीन मिनिटं ठेवा, रात्रभर नको, एवढाच फरक आहे.

बीएस-६ गाडी असेल तर दिरंगाई अजिबात नको. धुराच्या बाजूनं सुटलेलं ऑइल पुढं सायलेन्सरच्या वाटेवरच्या धुराच्या फिल्टरमधे जाऊन बसतं, आणि त्या फिल्टरची किंमत ऐकली की टर्बो स्वस्त वाटायला लागतो. धूर बाहेर दिसत नाही म्हणून ऑइल जात नाही असं त्या गाड्यांत समजू नका, पट्टीचा हिशोब वहीत ठेवा.

टर्बो किंवा कोर बसवायचाच झाला तर आधी इंटरकूलर आणि पाइपातलं जुनं ऑइल पूर्ण काढा. हे टाळलं तर इंजिन ते ऑइल ओढून त्याच्यावरच पळायला लागतं, चावी बंद केली तरी थांबत नाही, रेस वाढतच जाते. असं झालं तर टॉप गियर टाकून ब्रेक गच्च दाबून क्लच सोडा, किंवा हवेच्या तोंडावर सपाट फळी दाबा. हात किंवा फडकं नाही, आत ओढून घेतं. त्यानंतर वरचा पाइप नवीन वायसर लावून, शक्यतो पाइपच नवीन, कारण आतला कार्बन झटकून निघत नाही. बसवायच्या आधी टर्बोच्या ऑइलच्या भोकात स्वच्छ ऑइल ओता आणि हातानं पंखा फिरवा. डिझेल बंद ठेवून सेल मारा, ड्रेनमधून ऑइल पडताना दिसलं पाहिजे, मगच ड्रेन जोडा आणि इंजिन चालू करा. पाच मिनिटं रेस न देता चालवा, जॉइंट बघा, गरम झाल्यावर मॅनिफोल्डचे नट परत एकदा आवळा. मग रिकामी नाही, भरलेली गाडी निपाणीच्या बाजूनं तवंदीला चढवून आणा आणि वर थांबल्यावर तीच पावडर परत बघा.